किनाऱ्याजवळच्या भूजलाची पातळी : कुर्ल्याच्या जमिनीखालची मोजणी

समुद्रालगतच्या जमिनीत गोडे आणि खारे पाणी एकाच खडकात राहते. वर पावसाचे मुरलेले गोडे पाणी असते आणि त्याच्याखाली समुद्राकडून आत आलेले जड खारे पाणी असते. गोडे पाणी सतत समुद्राच्या दिशेने झिरपत असते आणि त्याच्या दाबामुळे खारे पाणी खाली व मागे राहते. उपसा वाढला किंवा मुरणे कमी झाले की हा दाब घटतो आणि खारे पाणी आत सरकू लागते. हा बदल जमिनीवरून दिसत नाही. विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते तेव्हा खाली बरेच काही घडून गेलेले असते. जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडक, एकदा खारा झाला की तो पुन्हा गोडा व्हायला अनेक पावसाळे लागतात, आणि काही वेळा तो पूर्ववत होतही नाही. म्हणून किनारी प्रदेशात भूजलाची पातळी मोजण्याचे काम देशावरच्या मोजणीपेक्षा वेगळे आहे. देशावर ती किती पाणी शिल्लक आहे ते सांगते. किनाऱ्यावर ती शिल्लक पाणी कोणते राहणार तेही सांगते.

या संबंधाचे गणित युरोपात मांडले गेले. नेदरलँड्सचे लष्करी अभियंता बाडोन खायबेन यांनी 1889च्या सुमारास आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी 1901 मध्ये, उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटावरील विहिरींच्या अनुभवावरून, स्वतंत्रपणे एकच नियम सांगितला. गोड्या पाण्याची घनता 1.000 आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे 1.025 धरली, तर भूजल समुद्रसपाटीच्या वर जितके असेल त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. विहिरीतली पातळी समुद्रसपाटीपेक्षा दीड मीटर उंच असेल, तर खाली 60 मीटरपर्यंत गोडे पाणी अपेक्षित धरता येते. तीच पातळी अर्ध्या मीटरवर आली, तर सीमा 20 मीटरवर येऊ पाहते. हा बदल लगेच होत नाही, त्याला काळ लागतो. पण दिशा निश्चित असते, आणि वरचा एक मीटर खालच्या चाळीस मीटरांचे भवितव्य ठरवतो. किनारी भूजलाच्या मोजणीत सेंटिमीटरला इतके महत्त्व का, ते या गुणोत्तरातून कळते.

नियम मांडताना खडक एकसारखा आहे, वाळूसारखा सर्वत्र सच्छिद्र आहे, असे गृहीत धरलेले होते. मुंबईचा खडक तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचे लाव्हा थर बनले. मुंबईचे थर त्या मालिकेतील उशिराच्या काळातले मानले जातात आणि ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कलले आहेत. बसाल्टबरोबर येथे ज्वालामुखी राख, टोकदार तुकड्यांचा ब्रेशिया खडक आणि दोन लाव्हांमधल्या काळात साचलेले गाळथरही सापडतात. अखंड काळ्या कातळात पाणी जवळजवळ नसते. ते वरच्या मुरमात, पोकळीदार थरांत आणि भेगांमध्ये असते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विंधण विहिरींत एकीला भरपूर गोडे पाणी लागते आणि दुसरी कोरडी किंवा खारी निघते. खारे पाणीही सरळ रेषेत पुढे येत नाही. ते भेगेच्या वाटेने येते, आणि ती भेग खाडीपर्यंत पोहोचत असेल तर मधली अनेक ठिकाणे वगळून थेट आतल्या विहिरीत उतरते. म्हणून बसाल्टच्या प्रदेशात चाळीसपटीचा नियम इशारा म्हणून वापरावा. त्यावर एखाद्या विहिरीचे भाकीत बेतू नये.

कुर्ला या दृष्टीने अडचणीच्या जागी वसला आहे. साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाला, घाटकोपर-असल्फाच्या टेकड्या आणि खाजणांचा सखल भाग यांच्यामध्ये त्याची जमीन येते. पश्चिमेला माहीमची खाडी, पूर्वेला माहूलची खाडी आणि ठाण्याची खाडी. मधून मिठी नदी जाते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती सुमारे 18 किलोमीटर वाहते आणि माहीमला समुद्राला मिळते. तिच्या खालच्या भागात भरतीचे पाणी आत शिरते, म्हणजे कुर्ल्याच्या जमिनीला खाऱ्या पाण्याची एक कड शहराच्या आतूनही लाभली आहे. शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये पूर्वी दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, तिच्यावर बांध घालून रस्ता झाला. पुढे खाजणे बुजवत वस्ती वाढली आणि मिठीच्या काठच्या भरावावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. या भरावाखाली समुद्री चिकणमाती आहे. ती पाणी सहजी सोडत नाही, पण तिच्यात जुना क्षार अडकून राहिलेला असतो.

पाऊस मात्र भरपूर आहे. सांताक्रूझ वेधशाळेची वार्षिक सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते, आणि 26 जुलै 2005 रोजी तेथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.  एवढा पाऊस पडूनही मुरते थोडे, कारण बहुतेक जमीन काँक्रीटखाली गेली आहे आणि पाणी नाल्यांतून काही तासांत खाडीत जाते. उलट, वर्षभर जमिनीत मुरणारे आणखी दोन स्रोत आहेत, जलवाहिन्यांची गळती आणि सांडपाण्याचा झिरपा. शहरी भूजलाची पातळी वाचताना हे दोन्ही विसरून चालत नाही. उपसा असूनही एखाद्या विहिरीची पातळी टिकून असेल, तर ती विहीर निरोगी आहे असा अर्थ होत नाही. शेजारची फुटकी वाहिनी तिला भरत असेल.

मुंबईत विहिरींच्या पाण्याचा इतिहास मोठा आहे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 सालची. समुद्र इतका जवळ असून तिचे पाणी गोडे राहिले, याचे नवल आजही केले जाते. वर सांगितलेल्या तत्त्वाने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे, कारण उथळ विहिरीतून उपसा माफक असेल तर वरचे गोडे पाणी हलत नाही. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले, त्यानंतर 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा, आणि शहराचे विहिरींवरचे अवलंबन कमी होत गेले. 1911 मध्ये डॉ. बेंटले यांच्या हिवतापावरील अहवालाने विहिरी डासांची उत्पत्तिस्थाने असल्याचे दाखवले आणि शहरातल्या अनेक विहिरी बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. कुर्ला त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होता, तो 1950 मध्ये महानगरपालिकेत आला. पण विहिरीकडे पाहण्याची ती दृष्टी टिकून राहिली. विहिरींच्या परवानग्यांचे काम पालिकेत कीटकनाशक विभागाकडे राहिले, म्हणजे विहिरीला झाकण आहे का हे तपासले गेले आणि तिच्यात पाणी किती खोलीवर आहे हे विचारले गेले नाही. हिवताप ही खरी आपत्ती होती, त्यामुळे त्या काळच्या निर्णयाला दोष देता येत नाही. मात्र त्यानंतरच्या शंभर वर्षांत पातळीची अखंड नोंद उभी राहिली नाही, हे नुकसान मोठे आहे. याच शहराने अपोलो बंदरावर समुद्राची पातळी 1878 पासून मोजली, आणि ती नोंद उत्तर हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. समुद्राची पातळी माहीत आहे, पण त्याला अडवून धरणाऱ्या गोड्या पाण्याची पातळी तितकी माहीत नाही.

मोजणीची पद्धत वरकरणी सोपी आहे. विहिरीच्या कठड्यावर एक कायमची खूण करायची आणि तिथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने किंवा विद्युत साउंडरने मोजायचे. साउंडरचे टोक पाण्याला लागले की आवाज होतो. स्वयंचलित नोंदणीसाठी पिझोमीटरमध्ये, म्हणजे फक्त निरीक्षणासाठी घेतलेल्या अरुंद विंधण विहिरीत, दाब मोजणारे यंत्र सोडतात. ते ठरलेल्या अंतराने आकडा साठवते किंवा दूरसंचाराने पाठवते. ज्या विहिरीवर पंप चालतो तिची पातळी पंपाचे वागणे सांगते, जलधराचे नव्हे. म्हणून निरीक्षण विहीर वेगळी असावी. ते शक्य नसेल तर पंप बंद करून, पातळी स्थिरावल्यावरच आकडा घ्यावा.

किनाऱ्यावर एवढ्याने भागत नाही, कारण पाण्याची खोली समुद्रसपाटीच्या संदर्भात बसवावी लागते, आणि मुंबईत तीन शून्ये वापरात आहेत. भरती-ओहोटीच्या सारणीतले शून्य सागरी नकाशाचे असते आणि ते सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. पालिकेची नाल्यांची व रस्त्यांची कामे टाउन हॉलच्या खुणेवरून ठरलेल्या जुन्या मापाने होत आली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुणा सरासरी समुद्रसपाटीशी जोडलेल्या आहेत. एका विहिरीचा आकडा एका शून्यावरून आणि दुसरीचा दुसऱ्यावरून लिहिला गेला, तर त्यांची तुलना निरर्थक होते. अडीच मीटरांच्या गोंधळाला चाळीसने गुणले तर शंभर मीटर होतात. प्रत्येक निरीक्षण विहिरीच्या खुणेची उंची तलेक्षण करून एकाच मापात नोंदवणे ही या कामाची पहिली पायरी आहे, आणि ती न करता बसवलेले महागडे यंत्र वाया जाते.

दुसरी अडचण भरतीची. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, आणि उधाणाला भरती व ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ही लाट जमिनीखालीही पसरते. मोकळ्या वाळूत ती थोड्या अंतरात विरते, पण वरून बंद असलेल्या थरात किंवा खाडीला जोडलेल्या भेगेत बरीच आत पोहोचते, आणि आत जाताना लहान होते व उशिरा येते. तीन महिन्यांतून एकदा मोजणी करणाऱ्याने एकदा भरतीला आणि पुढच्या वेळी ओहोटीला आकडा घेतला, तर पातळी खालावल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. उधाण आणि भांगाच्या भरतीतला फरकही असाच फसवतो. त्यामुळे खाडीजवळच्या विहिरीत निदान 25 तास सलग नोंद घेऊन तिची सरासरी काढावी. अनेक दिवसांच्या ताशी नोंदीवरून भरतीचा परिणाम गाळून टाकण्याच्या पद्धतीही रूढ आहेत. हातानेच मोजायचे असेल, तर नोंदीत तारखेबरोबर वेळ लिहिणे अनिवार्य आहे. भरतीचा हा उपद्रव उपयोगीही पडतो. विहिरीतले पाणी भरतीबरोबर किती हलते आणि किती उशिराने हलते, यावरून तिचा खाडीशी संबंध किती निकटचा आहे ते कळते.

हवेचा दाबही आकड्यात मिसळतो. पाण्यात बुडवलेले बंद यंत्र पाण्याचा आणि वरच्या हवेचा मिळून दाब मोजते. हवेच्या दाबातला एक हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे एक सेंटिमीटर. म्हणून परिसरात एक हवादाबमापक ठेवून ती वजाबाकी करावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित बाब घनतेची आहे. खोल पिझोमीटरमध्ये खारे पाणी भरलेले असेल तर ते जड असल्याने कमी उंचीवर थांबते. 30 मीटर उंचीचा समुद्राच्या पाण्याचा स्तंभ गोड्या पाण्याच्या 30.75 मीटरइतका दाब देतो. म्हणजे एक गोडे आणि एक खारे पिझोमीटर शेजारी असतील, तर दिसणाऱ्या पातळ्यांवरून प्रवाहाची दिशा चुकीची ठरू शकते. त्यासाठी प्रत्येक आकडा गोड्या पाण्याच्या समतुल्य उंचीत बदलून घेतात. हे करायचे तर पातळीबरोबर क्षारताही मोजलीच पाहिजे. किनारी प्रदेशात नुसत्या पातळीची नोंद अर्धी असते.

क्षारता मोजण्याचा सोपा मार्ग विद्युत वाहकतेचा. चांगल्या गोड्या भूजलाची वाहकता प्रतिसेंटिमीटर काहीशे मायक्रोसीमेन्स असते, तर समुद्राच्या पाण्याची पन्नास हजारांच्या आसपास. क्लोराइड समुद्रात लिटरला सुमारे 19,000 मिलिग्रॅम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 250 ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 1,000 ही कमाल मर्यादा आहे. दोन टक्के समुद्र मिसळला तरी क्लोराइड जवळजवळ 400ने वाढते. मोजणी पृष्ठभागावर एकदा न करता वरपासून तळापर्यंत टप्प्याटप्प्याने करावी, म्हणजे कोणत्या खोलीला क्षार वाढतो ते दिसते. मात्र तळापर्यंत उघड्या विंधण विहिरीत वेगवेगळ्या भेगांचे पाणी आपसात मिसळते आणि चित्र पुसट होते. योग्य व्यवस्था म्हणजे एकाच जागी वेगवेगळ्या खोलीचे दोन-तीन पिझोमीटर, प्रत्येकाची जाळी एकाच थरासमोर आणि बाकीची नळी सीलबंद.

पाणी खारे निघाले म्हणजे समुद्र आत आला, असे लगेच म्हणता येत नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा समुद्रापासून कितीतरी दूर आहे. कुर्ल्यात क्षाराचे किमान तीन मार्ग संभवतात. भरतीच्या खाडीतून येणारे पाणी हा एक, भरावाखालच्या चिकणमातीतला जुना क्षार हा दुसरा, आणि सांडपाणी हा तिसरा. त्यांचा उपाय वेगवेगळा असल्याने निदान आधी हवे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे ब्रोमाइडशी वजनी प्रमाण 290च्या आसपास ठरलेले असते. सांडपाण्यात मिठाच्या वापरामुळे ते बहुधा जास्त भरते आणि सोबत नायट्रेट किंवा अमोनिया सापडतो. विहिरीची क्षारता उन्हाळ्यात उपशाबरोबर चढून पावसाळ्यात उतरत असेल, तर ती सरकत्या सीमेची खूण असू शकते. वर्षभर एकसारखी राहणारी क्षारता बहुधा अडकलेल्या क्षाराची. जमिनीच्या विद्युत रोधाची पाहणी येथे जपून वाचावी लागते, कारण चिकणमाती आणि खारे पाणी दोन्ही कमी रोध दाखवतात.

महाराष्ट्रात भूजलाची पातळी मोजण्याचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972च्या दुष्काळाच्या काळापासून करते. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. मेची नोंद उन्हाळ्याअखेरचा तळ दाखवते आणि ऑक्टोबरची पावसाळ्यानंतरची भर. केंद्रीय भूजल मंडळाचे स्वतंत्र जाळे आहे, आणि 1995 मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पातून राज्यात पिझोमीटर व स्वयंचलित यंत्रे आली. हे जाळे मुख्यतः शेतीच्या आणि गावांच्या पाणलोटांसाठी विणलेले आहे आणि तेथे ते मोलाचे ठरले. किनारी महानगरात वर्षाला चार आकडे पुरत नाहीत, त्याची कारणे वर आली आहेत.

कायदा मोजणी मागतो. महाराष्ट्राचा 2009चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम 2014 पासून अमलात आला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक उपशाला ना-हरकत प्रमाणपत्र आणि प्रवाहमापक लागतो, आणि दिवसाला 10 घनमीटरपेक्षा जास्त उपसा असेल तर पिझोमीटरही. मुंबईत हा विषय एप्रिल 2025 मध्ये एकदम रस्त्यावर आला. प्रमाणपत्र नसलेल्या विहिरींना पालिकेने नोटिसा दिल्या आणि टँकरवाल्यांनी 10 एप्रिलपासून संप केला. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी व टँकर ताब्यात घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि 14 एप्रिलला संप मिटला. त्या पाच दिवसांत सोसायट्या आणि बांधकामे या पाण्यावर किती विसंबून आहेत ते उघड झाले. चर्चा परवान्यांची झाली. कोणत्या विहिरीतून किती उपसले तर खाली काय होते, हा प्रश्न तिच्यात मागे पडला, आणि पातळीच्या नोंदीशिवाय त्याचे उत्तर परवाना देणाऱ्याकडेही नसते.

नोंद असली की काय साधते ते चेन्नईत दिसते. शहराच्या उत्तरेला मिंजूरच्या वाळूच्या थरातून उद्योगांसाठी व शहरासाठी उपसा झाला. खाऱ्या पाण्याची सीमा 1960च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत नोंदली गेली होती, आणि 1980च्या दशकात ती नऊ किलोमीटरच्या आसपास गेली. निरीक्षण विहिरी होत्या म्हणून ही वाटचाल कागदावर आली, आणि 1987 मध्ये चेन्नई महानगरासाठी भूजल नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला. फ्लोरिडातील मायामी परिसरात खाऱ्या सीमेचे नकाशे 1940च्या दशकापासून पुन्हा पुन्हा काढले जात आहेत. घराजवळचे उदाहरण वसईचे. तेथील बावखले, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची जुनी तळी, पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवतात, आणि विहिरींतल्या गोड्या पाण्याला त्यांचा आधार असतो. बावखल बुजवले गेले की केवळ एक तळे जात नाही, खाऱ्या पाण्याला मागे रेटणारा दाबही जातो. वसईच्या शेतकऱ्यांनी हे कोणत्याही सूत्राशिवाय ओळखले होते, याची नोंद जलशास्त्राने आदराने घ्यावी.

पातळी खालावणे हे एकच संकट नाही. सखल भागात ती वर येणेही नुकसान करते. समुद्र चढला की किनाऱ्यालगतचे भूजलही वर सरकते, आणि उत्तर हिंदी महासागरात गेल्या तीन दशकांतला चढ वर्षाला सुमारे तीन मिलिमीटर आहे. भूजल वर आले की पाऊस मुरायला जागा उरत नाही आणि तळघरे ओली राहतात. त्यातले क्लोराइड पायातल्या लोखंडी सळ्या गंजवतो. उलट, खोल तळघरांचे व भुयारी कामांचे खड्डे कोरडे ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने पाणी उपसले जाते तेव्हा आजूबाजूची पातळी उतरते आणि खाडीचे पाणी ओढले जाते. अशा कामांवर अनेकदा पिझोमीटर बसवलेले असतात. काम संपल्यावर ते बुजवले जातात आणि आकडे ठेकेदाराच्या दप्तरात राहतात. ते सार्वजनिक नोंदीत आणण्याची अट बांधकाम परवानगीतच असावी.

कुर्ल्यासाठी योग्य जाळे फार मोठे असण्याची गरज नाही. माहीमच्या खाडीकडून मिठीच्या काठाने कुर्ला स्थानकापर्यंत आणि तिथून असल्फाच्या चढापर्यंत एक रांग, दुसरी चुनाभट्टी-नेहरूनगरमार्गे माहूलच्या खाडीकडे. प्रत्येक ठिकाणी उथळ व खोल पिझोमीटरची जोडी, ताशी नोंद आणि वर्षातून दोनदा रासायनिक तपासणी. पावसाळ्यात मिठीकाठच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना हलवायचे का, हे नदीच्या पातळीवरून ठरते. ती मोजण्याची सोय 2005च्या पुरानंतर उभी राहिली. भूजलाची सोय संकटाआधी उभी करता येईल.

तोपर्यंत ज्या सोसायट्यांकडे विहीर किंवा विंधण विहीर आहे त्यांनी स्वतः नोंद ठेवावी. पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती मुंबईत 2002 मध्ये मोठ्या भूखंडांना आणि 2007 मध्ये 300 चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांना लागू झाली. जिरवलेल्या पाण्याने पातळी किती वाढली याचे उत्तर अशा वहीतूनच मिळेल. कठड्यावर रंगाची खूण, एक टेप, एक वाहकतामापक आणि तारीख, वेळ, खोली, वाहकता असे चार रकाने पुरेत. मोजणीआधी पंप काही तास बंद ठेवावा आणि त्या दिवसाची भरतीची वेळ शेजारी लिहावी. पहिली नोंद मे महिन्यात पावसाआधी घ्यावी, दुसरी ऑक्टोबरात, आणि वही सचिव बदलला तरी पुढच्या सचिवाकडे द्यावी.